डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं

२०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईनं शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. कशात किती साखर असते ते पोरांना भिंतीवर दिसावं, एवढाच त्यामागचा हेतू. दादा म्हणाला, फार उशिरा सुचलं. वहिनी म्हणाली, बोर्ड कसले लावता, आधी मोबाइल काढून घ्या. आत्यानं सगळा दोष नोकरी करणाऱ्या आयांवर टाकला आणि तिच्यापुरता विषय मिटला. मी इथं अमेरिकेत बसून वाचत होतो, लिहीत काहीच नव्हतो. त्याच आठवड्यात माझ्या तेरा वर्षांच्या लेकीचा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा, ५.९ आला होता. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा.

तिच्या मानेवर काळपट पट्टा दिसायला लागला होता. आम्ही तिला तो नीट घासून धू म्हणून सांगत होतो. शरीर इन्सुलिनला दाद देत नसलं की मानेवर, काखेत त्वचा अशी होते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि लेकीच्या हातात नऊ प्रश्नांचा कागद दिला: झोप, भूक, उत्साह, मन खिन्न असणं. बारा ते अठरा वयाच्या सगळ्या मुलांना नैराश्याबद्दल विचारावं, अशी शिफारस इथल्या सरकारनियुक्त तज्ज्ञगटानं २०२२ मध्ये केली आहे. (त्याच गटानं त्याच वर्षी मुलांच्या साखरेच्या सरसकट तपासणीबद्दल मात्र पुरेसा पुरावा नाही म्हणून मत दिलं नाही.) लेकीचे गुण अगदी कमी आले, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. आहाराचं आणि व्यायामाचं पत्रक मिळालं. तीन महिन्यांनी या.

त्या नऊ प्रश्नांत मी नापास झालो असतो. पण माझ्या हातात कागद दिलाच नव्हता.

आदल्या वर्षीच्या पानगळीत माझी नोकरी गेली. एचवनबीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर, असलात की दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात. मला बावन्नाव्या दिवशी मिळाली, सगळ्यांनी अभिनंदन केलं, आणि त्यानंतर मी जो बसलो तो उठलोच नाही. कामावर जायचो, आल्यावर अंधारात पडून राहायचो. लेकीला पोहायला न्यायचं काम माझ्याकडं होतं, ते आपोआप बंद पडलं. जेवणाची वेळ राहिली नाही. रात्री मी जागा असायचो. तीही जागीच असायची, हे मला फार नंतर कळलं. बाबा झोपला की नाही, याचा कानोसा घेत ती पडलेली असायची.

माझ्यामुळं तिची साखर वाढली, असं मी म्हणत नाही. आमच्या घराण्यात दोन्ही बाजूंनी मधुमेह आहे. शिवाय वयात येताना प्रत्येकच मुलाची इन्सुलिन-संवेदनशीलता जवळपास तीस टक्क्यांनी उतरते. निरोगी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून ते निभावून नेतं. ज्याचं आधीच काठावर आहे त्याला या वयात थोडीही ओढाताण सोसत नाही. झोप कमी पडली की इन्सुलिनचा परिणाम घटतो, ताणातलं कॉर्टिसोल साखर वर ढकलतं, आणि ज्यानं पोराला घराबाहेर काढायचं तोच अंथरुणात. यात पत्रक काय करणार? ते पाळायचं काम ज्याच्यावर सोपवलं होतं, तो ते वाचण्याच्याही अवस्थेत नव्हता.

गंमत म्हणजे लेक तान्ही होती तेव्हा बाळाच्या डॉक्टरांनी माझ्या बायकोला बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली भरायला दिली होती. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या भेटीत आईला असं विचारावं, असं इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. आईच्या मनावर बाळाची तब्येत अवलंबून असते, हे त्यांना मान्य आहे. सहा महिन्यांनंतर ते अवलंबून राहणं संपतं की काय? बापाला तर तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

कोलंबिया विद्यापीठाच्या मर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १५१ आया आणि त्यांच्या सात ते सतरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारांनी तीन महिन्यांत ज्या आयांचं नैराश्य पूर्ण उतरलं, त्यांच्या मुलांमधली मानसिक आजारांची निदानं ११ टक्क्यांनी घटली. ज्यांचं उतरलं नाही, त्यांच्या मुलांमध्ये ती सुमारे ८ टक्क्यांनी वाढली. औषध आईला, फरक पोरात! साखर तिथं कुणी मोजली नव्हती, बापही त्यात नव्हते. तरी माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

दादाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “तुमच्याकडं अरे, कशालाही डिप्रेशन म्हणतात.” म्हणतात खरं. आणि तेवढं म्हणून झालं की थांबतात, हेही खरं. २०२४ मध्ये इथले तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे आरोग्यप्रवक्ते, विवेक मूर्तींनी आईबापांच्या ताणावर अख्खं निवेदन काढलं: ४८ टक्के पालकांना बहुतेक दिवशी ताण अगदी असह्य वाटतो. पण माझ्या दारावर सहा महिन्यांत कुणी टकटक केली नाही. तिकडं असतो तर कुणीतरी लेकीला संध्याकाळी बाहेर नेलं असतं, आणि मला मात्र ‘हल्ली चिडका झालाय’ म्हणून सोडून दिलं असतं. आपल्याकडं १० ते १९ वयातल्या साधारण दहात एकाला प्रीडायबेटिस असल्याचं २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दिसलं. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर शंभरातले पंच्याऐंशी उपचारांविना आढळले. या दोन आकड्यांतली किती माणसं एकाच छपराखाली राहतात, यावर बोर्ड कोण लावणार?

मला फार काही नको आहे. पोराच्या साखरेची तपासणी झाली की बरोबर आलेल्या मोठ्या माणसाला दोन प्रश्न विचारा. त्याची फाइल वेगळी, पैसे कोण देणार, हे आक्षेप मला ठाऊक आहेत. आयांच्या बाबतीत ते इथं सुटलेत. आईची तपासणी बाळाच्याच भेटीत धरता येईल, असं मेडिकेडनं, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या इथल्या सरकारी आरोग्यविम्यानं, २०१६ मध्येच सांगितलं. भारतात विचारून पाठवायचं कुठं, हा आक्षेप जास्त खरा आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चालू आहे, मराठीतही बोलतात. सुरुवातीला तेवढं तरी.

परवा दादाचा परत फोन आला. त्याच्या मुलीचाही रिपोर्ट आला होता. बराच वेळ साखरेवर बोलून झाल्यावर म्हणाला, “ते दोन प्रश्न कोणते म्हणालास?”

मी सांगितले. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय, असं किती दिवस झालं? उदास, हताश वाटलं, असं किती दिवस?

पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाला, “थांब, दार लावून येतो.”