किक नाही, दोरी आहे

बाबांच्या स्कूटरपासून सुटका व्हावी म्हणून मी अमेरिकेत आलो, असं म्हटलं तर आई रागावेल, पण त्यात तथ्य आहे. अकरावीपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत रोज सकाळी ती स्कूटर आडवी करायची, मनात पाच आकडे मोजायचे, सरळ करायची, चोक ओढायचा आणि किक मारायची, हे घरातलं माझं काम होतं. बहिणीकडे तुळशीला पाणी होतं, माझ्याकडे स्कूटर. उलट बसलेल्या किकची खूण डाव्या नडगीवर अजून आहे. मिनेसोटात आलो, बटण दाबलं की चालू होणारी गाडी घेतली आणि वाटलं, सुटलो.

मग शेजारच्या आजोबांनी घर विकून ॲरिझोनाला जायचं ठरवलं. वय अठ्ठ्याहत्तर, थंडी सोसवेना. जाण्याआधी एका रविवारी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं, ताडपत्री ओढली आणि विचारलं, "तू इंजिनिअर आहेस ना?"

मी सॉफ्टवेअरवाला. पण या प्रश्नाला "नाही" म्हणणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय.

ताडपत्रीखाली होती 1974 सालची शर्यतीची स्नोमोबाईल, 440 सीसी. कंपनीचं नाव घेत नाही. पन्नास वर्षांनी कुणाची कागाळी कशाला? ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: स्कूटर आणि रणगाडा यांचं घरच्यांच्या विरोधात लग्न लागलं तर जे अपत्य होईल, ते हे. पुढे दोन स्की, मागे स्टीलच्या पट्ट्या ठोकलेला रबरी पट्टा, मध्ये टू-स्ट्रोक इंजिन, वर उशीएवढी गादी. स्कीवर कमानपाटे, अगदी आपल्या टेम्पोला असतात तसे.

"भंगारात देववत नाही," आजोबा म्हणाले. डोळे ओले होते. मी हो म्हटलं. ही घरी म्हणाली, "डोळे पाहिलेस, वजन पाहिलंस का?" वजन दीडशे किलोच्या वर होतं.

खरं तर आजोबांनी मला आदल्या जानेवारीतच गळाला लावलं होतं. मिनियापोलिसपासून साडेचार तासांवर विस्कॉन्सिनमध्ये ईगल रिव्हर नावाचं गाव आहे. 1964 साली तिथल्या डॉलर लेकवर स्नोमोबाईलची पहिली मोठी शर्यत झाली, आणि आता अर्ध्या मैलाच्या बर्फाच्या लंबगोल ट्रॅकवर दर हिवाळ्यात होते. जुन्या गाड्यांची शर्यत वेगळी असते. आजोबा मला तिथे घेऊन गेले. गाडीतून उतरलो आणि नाकात वास शिरला. जळलेल्या टू-स्ट्रोक ऑइलचा. उणे वीस डिग्रीत, निळसर धुरात, डोळे मिटून मी 1990 सालच्या सातारा एसटी स्टँडवर उभा होतो, रिक्षांच्या रांगेत. काही जण तर अजून एरंडेलापासून केलेलं ऑइल वापरतात. लहानपणी आजीने पाजलेलं एरंडेल आठवून पोटात कसंसंच झालं, पण पाय हलेना.

तिथे कळलं की 1974 साली ही शर्यत जिल व्हिलनव्हने जिंकली होती, ज्याला जग पुढे फॉर्म्युला वनमधला फेरारीचा ड्रायव्हर म्हणून ओळखू लागलं. घसरत्या गाडीवरचा ताबा आणि पुढच्याने उडवलेल्या बर्फात काही दिसत नसताना गाडी हाकणं, हे आपण स्नोमोबाईलवर शिकलो असं तो सांगायचा. त्याचा भाऊ जॅक तर ईगल रिव्हरला तीनदा जिंकला, 1980, 1982 आणि 1986. व्हिलनव्हचा विजय 1974चा, माझी गाडीही 1974ची. साम्य इथेच संपतं.

परतीच्या साडेचार तासांत आजोबांनी सगळा इतिहास ऐकवला. मला त्यात राहून राहून एकच गोष्ट दिसत होती: हे सगळे बाबांसारखे लोक होते. भंगार टाकवत नाही अशी माणसं. विस्कॉन्सिनच्या सेनर गावचा कार्ल एलियासन पायाने अधू होता. बर्फातून शिकारीला निघालेल्या मित्रांच्या मागे पडायचा. म्हणून 1924 साली त्याने बोटीचं अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन, सायकलचे भाग आणि फोर्डच्या रेडिएटरचा तुकडा घेऊन एक मोटरची घसरगाडी बनवली. क्यूबेकच्या व्हॅलकोर्टमधला जोसेफ-आर्मां बोंबार्डिए पंधरा वर्षांचा असताना त्याने फोर्डचं इंजिन घसरगाडीवर चढवलं आणि मागे विमानासारखा पंखा लावला. वडिलांनी बघितलं आणि आत्ताच्या आत्ता मोडायला लावलं. हे ऐकून मला वडील ही संस्था जगभर सारखीच असल्याची खात्री पटली.

पुढे 1934च्या हिवाळ्यात त्याच बोंबार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा गेला. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यापर्यंत पोचताच आलं नाही. आजोबांनी हे सांगताना गाडीतला रेडिओ बंद केला होता. बर्फावरून माणसं नेणाऱ्या बंद गाड्या त्याने त्यानंतर बनवल्या. एकट्या माणसाने हौसेने हाकायची हलकी स्की-डू बाजारात आली ती 1959 साली.

आणि आमच्या मिनेसोटातलं रोझो. तिथे हेटीन मंडळींचा शेतीची यंत्रं बनवायचा कारखाना होता. 1955-56च्या हिवाळ्यात मालक एडगर हेटीन बाहेरगावी गेलेला असताना डेव्हिड जॉन्सन आणि मंडळींनी कारखान्यातल्या सामानातून, धान्य वर चढवायच्या यंत्राचा पट्टा वगैरे लावून, बर्फावर चालणारी गाडी जोडली. मालक परत आला तो भडकलाच. पण पगार द्यायला पैसे हवे होते, म्हणून ती गाडी गावातल्या लाकडाच्या वखारवाल्याला 465 डॉलरला विकली. तीच पोलारिस या स्नोमोबाईल कंपनीची सुरुवात. मग 1960 साली हाच भडकलेला एडगर स्वतः त्या गाड्या घेऊन अलास्कात बेथेलपासून फेअरबँक्सपर्यंत हजार मैलांहून जास्त फिरून आला, त्याच वर्षी कंपनी सोडली आणि शेजारच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये जाऊन आर्क्टिक कॅट काढली. आपल्याकडे भाऊबंदकीत बांध कोरतात, इथे कारखाने काढतात.

तर शनिवार सकाळ. नऊ वाजलेले, बाहेर उणे पंचवीस. गॅरेजचं दार उघडलं, चोक ओढला आणि दोरी ओढली.

दोरी या विषयावर मला थोडं बोलायचंय. किकला निदान सगळ्या अंगाचं वजन टाकता येतं. दोरीचं सगळं खांद्यावर. बाराव्या वेळेला खांद्यातून "कट्" असा आवाज आला आणि क्षणभर वाटलं, इंजिन चालू झालं. विसाव्याला जाकीट काढलं. तिसाव्याला पेट्रोलचा वास सुटला. पस्तिसाव्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात साडेआठ वाजले होते, बाबा बातम्या बघत होते.

"दाखव," बाबा म्हणाले. मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावला.

"किक कुठंय?"

"किक नाही बाबा, दोरी आहे."

"दोरी? फवारणीच्या पंपासारखी?"

"तशीच."

"ऑइल किती घातलंस?"

"वीसाला एक. आजोबांनी सांगितलंय."

बाबा मनातल्या मनात गणित करताना त्यांचे ओठ हलतात. "म्हणजे लिटरला पन्नास मिली? अरे, ते इंजिन आहे की लोणचं?" मग आवाज खाली आला, तो स्कूटरच्या दिवसांतला. "प्लग काढ. ओला आहे का कोरडा?"

प्लग ओला होता. दोन्ही ओले होते. सिलिंडर दोन, म्हणून प्लगही दोन, ही बाबांना चैन वाटली. त्यांच्या आज्ञेवरून मी दोन्ही प्लग घेऊन स्वयंपाकघरात गेलो, गॅस पेटवला आणि चिमट्यात धरून भाजू लागलो. ही शेजारच्या शेगडीवर पोहे परतत होती. तिने प्लगकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं. चिमटा फुलक्यांचा होता.

"धू नंतर," एवढंच म्हणाली. हे तिचं मोठेपण.

मधल्या वेळात बाबांनी बाकी यंत्राची चौकशी केली. गिअर कुठे आहे? गिअर नाही, दोन पुल्या आणि एक पट्टा आहे. इंजिन वेग घेऊ लागलं की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुली दाबली जाते आणि पट्टा वर चढतो. "म्हणजे ताईची कायनेटिक होंडा!" बाबा म्हणाले. अगदी बरोबर. 1984 साली आपल्याकडे ज्या गोष्टीचं नवल वाटलं, ती इथले लोक त्याआधी कितीतरी वर्षं बर्फात पळवत होते. इंजिन गार कशाने होतं? वाऱ्याने. पंखा? नाही. "फ्री एअर" म्हणतात त्याला. पंखा फिरवण्यात ताकद वाया जाते म्हणून शर्यतीवाल्यांनी तो काढूनच टाकला. पळत राहिलं तर इंजिन गार, थांबलं की तापतं. "तुझ्या आत्यासारखं," बाबा म्हणाले, आणि मागून आईचा आवाज आला, "ऐकतेय मी."

एक गोष्ट मात्र बाबांनाही पटेना. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल हवेच्या मानाने कमी पडतं, आणि कमी पेट्रोलवर इंजिन जास्त तापतं. म्हणजे बाहेर जितकी थंडी, तितका पिस्टन गरम. पार भोक पडेपर्यंत. म्हणून शर्यतीवाले पारा बघून जेट बदलतात. "जेट मोठा टाक," बाबा शेवटी म्हणाले. मोठा जेट आजोबांनी डब्यात दिला होता. डब्यात चौदा जेट होते, डोळ्यांत काजळ घालायच्या काडीच्या टोकाएवढे. एक पडला. तो अजून गॅरेजमध्ये आहे, कुठे ते विचारू नका.

भाजलेले प्लग लावले. "आता चोक बंद," बाबा म्हणाले, "रेस पूर्ण दे आणि ओढ." डाव्या हाताने रेस दाबून धरली, उजव्या हाताने दोरी ओढली. खांदा अर्ध्यावरच कुरकुरला, ओढ अर्धवट राहिली. आणि इंजिन लागलं! असा आवाज, की समोरच्या घरातला कुत्रा सोफ्याखाली गेला असणार.

"अरे, बंद कर, बंद कर!" बाबा फोनमधून ओरडत होते. मला वाटलं, आनंदाने.

टू-स्ट्रोक इंजिनाची एक गंमत आहे. त्याला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन खालीवर होताना भोकं उघडतात आणि मिटतात. इंजिनाला कुठल्या दिशेने फिरायचं याबद्दल काही तत्त्व नसतं. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी पडते. दोरी अर्धवट ओढली तर पिस्टन टोक ओलांडत नाही, ठिणगी त्याला मागे ढकलते आणि इंजिन आनंदाने उलटं फिरायला लागतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी हाच दोष हुशारीने कामाला लावला: ठिणगीची वेळ बदलून इंजिन उलटं फिरवायचं, की वेगळ्या गिअरशिवाय गाडी मागे जाते. माझ्या गाडीला हे पंचवीस वर्षं आधीच जमत होतं.

गाडी मागे गेली. फार नाही, चारेक फूट. पण चार फुटांवर फडताळ होतं आणि फडताळावर वीस पौंडी कणकेच्या तीन पिशव्या. त्या वर्षीचा सगळ्यात दाट हिमवर्षाव आमच्या गॅरेजमध्ये झाला.

फोन जमिनीवर पडला होता, तरी बाबांचा आवाज येत होता. "अर्धवट मारली की असंच होतं! किती वेळा सांगितलं होतं, पूर्ण मार!" किती वेळा सांगितलं होतं ते मला ठाऊक होतं. अकरावी ते शेवटचं वर्ष, रोज.

कणीक झटकून, पट्टा मोकळा करून, मी ती दुपारी तळ्यावर नेली. बर्फ पाच ते सात इंच तरी हवा म्हणतात. तळ्यावर फूटभर होता. गाडी चारशे मीटर पळाली आणि मला पहिल्यांदाच कळलं की 1970 साली लोकांनी हे वेड का घेतलं होतं. शंभराहून अधिक कंपन्या तेव्हा या गाड्या बनवत होत्या. पुढे पेट्रोल महागलं, बर्फ कमी पडला आणि त्यातल्या बहुतेक गायब झाल्या. तळ्याच्या मध्यावर बर्फात भोक पाडून मासे धरणारे दोघे हात हलवत होते. मीही थांबून हात हलवला, इंजिन चालूच ठेवून, ऐटीत. गप्पा मारल्या. पाच मिनिटं.

फ्री एअर. थांबलं की तापतं.

इंजिन "कुईं" करून पकडलं ते पकडलंच; पिस्टन सिलिंडरमध्ये जाम. त्या दोघांनी गाडी ओढायला मदत केली आणि मासाही दिला. ही म्हणाली, मासा चांगला आहे.

मार्चमध्ये दादरच्या मावशी आल्या. बाबांनी त्यांच्याबरोबर चकलीचा डबा पाठवला होता. आत वरच्या थरात चकल्या, खाली सकाळच्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी जड. सोडलं तर ठिणगी पाडणाऱ्या सीबी पॉइंटचा गॅप मोजायची पाती, दोन शीट पॉलिश पेपर आणि बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: "पिस्टनचं माप मिलिमीटरमध्ये कळव. कोल्हापुरात बघतो."