मोटर लोड घेऊन नाही रायली

घरामागच्या पाण्यानं भरलेल्या निळ्या ड्रममधे आमचं बोटीचं इंजन असं चालतं की शेजारच्या कोंबड्या उडून छपरावर जाऊन बसतात. एकदा दोरी ओढली की स्टार्ट, आवाज एकदम गोल, आणि मागून पाण्याची बारीक धार चालू. ती धार म्हणजे कूलिंगचं पाणी फिरतंय याची खूण, आमच्याकडं सगळे त्याला इंजन मुतते म्हणतात, आणि मुतणं थांबलं की आधी इंजन बंद करायचं हे आता आमच्या घरी लहान पोरांनाही पाठ आहे. तर हेच इंजन डोंग्याला लावून पाण्यात नेलं, मूठ पूर्ण पिळली, की दोन-तीन मिनिटं झकास जायचं आणि मग घूंऽऽऽ करत बसायचं. बंद पडलं असतं तरी परवडलं असतं, बंद पडलेल्याचं काहीतरी करता येतं. हे नुसतं मरगळायचं. मूठ कमी केली की शहाण्यासारखं चालू, वाढवली की पुन्हा मेलं.

आमचं पाणी म्हणजे गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर, भिंतीमागं तुंबलेली वैनगंगा. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, आता माझा पोरगा कॉलेजात आहे, धरणाला ३३ दरवाजे आहेत आणि आमच्या लोकांची वैनगंगेला नदी म्हणायची सवय जवळजवळ सुटली, सगळे ब्याकवाटरच म्हणतात. पूर्वी हाक मारली तर पलीकडच्या काठावर ऐकू जायची, आता वल्हं मारून मारून खांदे निघतात, म्हणून मी कोकणातल्या एका माणसाकडून ८ हॉर्सपॉवरचं सेकंडहँड टू-स्ट्रोक इंजन घेतलं. ट्रान्सपोर्टनं आलं, गोणपाटात गुंडाळून, नवरीसारखं. आमच्या अख्ख्या गावात दुसरं बोटीचं इंजन नाही आणि त्यामुळंच गावातला प्रत्येक माणूस त्यातला एक्सपर्ट आहे.

बोरच्या मोटरी भरणारा म्हणाला, "भाऊ, लोड घेऊन नाही रायली म्हंजे कंडेन्सर गेला." म्हणलं बाबा, हे पेट्रोलवर चालते, याला मोटरीसारखा कसला कंडेन्सर. तर म्हणे, "तरी एकडाव बदलून पाहाले का जाते?" ट्रॅक्टरवाल्यानं फिल्टर सांगितला, जे अगदीच चूक नव्हतं. पानठेल्यावर एकानं तर शांतपणे विचारलं की इंजन आणल्यावर नारळ फोडला होता का, आणि मी हो म्हणल्यावर, "कोनच्या दिवशी?"

खरा सल्ला दिला तो कोकणातल्या त्या विकणाऱ्यानं, फोनवर. त्यानं पहिला प्रश्न विचारला की पावर जाते तेव्हा इंजनाचा आवाज चढतो का उतरतो? मी कधी लक्षच दिलं नव्हतं. तो म्हणाला आवाज चढला आणि बोट मात्र पुढं जात नसेल तर पाण्यातला पंखा घसरतोय, कारण पंख्याच्या मधोमध रबराचा बुश असतो, तो सुटला की आतला दांडा फिरतो आणि पाती बसून मजा पाहतात. आवाज उतरत असेल तर पेट्रोल नाहीतर करंट. आणि इंजन बसायला लागलं की जरासा चोक ओढून पाहा, तेवढ्यापुरतं उचललं तर पेट्रोल कमी पडतंय समजा. आणि हो, म्हणाला, त्याच वेळी पाईपातला रबरी गोळा हातात घेऊन बघा. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं, हो हो म्हणलं आणि विसरलो. सगळा लेख या एका विसरण्यावर उभा आहे म्हणा ना.

आवाज उतरत होता. तरी मी पंख्यापासूनच सुरुवात केली, कारण पंखा बाहेर असतो आणि तिथं हात पोचतो. नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेत जे काही आणून टाकते त्यावर आमच्याकडं जलपर्णी मस्त पोसते, ती पंख्याला गुंडाळलेली निघाली, सोबत कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा नायलॉनही निघाला. बुश तपासायला आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून एक सरळ रेघ मारायची, बोट फिरवून आणायची, रेघ तुटली तर बुश घसरला. मार्कर सापडला नाही म्हणून बायकोचं लाल नेलपॉलिश घेतलं. रेघ जशीच्या तशी राहिली, बायकोचा आवाज मात्र चढला.

मग टाकी. टाकीच्या झाकणावर हवेचा बारीक स्क्रू असतो, तो बंद राहिला तर आत हवा जात नाही आणि पेट्रोल बाहेर येत नाही, ओठ लावून बाटली ओढल्यासारखं होते. तो उघडाच होता. मग पेट्रोल. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यात आमच्याकडचा पावसाळा, म्हणून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून रात्रभर ओट्यावर ठेवलं की खाली पाण्याचा थर बसतो का पाहू. सकाळी थर नव्हता. आईनं मात्र विचारलं, हे गुलाबी सरबत कोणासाठी ठेवलं? लिटरला २० मिली ऑइल टाकलं की रंग तसाच येतो. बाटली त्याच मिनिटाला ओट्यावरून उचलली आणि पुन्हा हा प्रयोग घरात केला नाही.

नंतर पवनीचा मेकॅनिक. या माणसानं सगळी जवानी टू-स्ट्रोक स्कूटर दुरुस्त करण्यात घालवली आणि आता दिवसभर फोर-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल बदलत बसतो, माझं इंजन पाहून त्याच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. जुना मित्र भेटल्यासारखा त्यानं कार्बोरेटर खोलला, मेन जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, उजेडाकडं धरून एक डोळा मिटून पाहिला, तांब्याच्या तारेच्या एका बारीक धाग्यानं साफ केला, म्हणे जाड तार घालायची नाही, भोक मोठं होते आणि मंग जिंदगीभर पेट्रोल पिते. जेटमधे थोडा कचरा होता. मला वाटलं संपलं. पण प्लग काढून तो जरा गप्प झाला. "पांढरा हाये," म्हणाला. टू-स्ट्रोकचा प्लग चॉकलेटी पाहिजे. पांढरा म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, आणि टू-स्ट्रोकमधे ऑइल पेट्रोलासोबतच आत जातं, म्हणजे पेट्रोल उपाशी तर पिस्टनही उपाशी. "असंच फुल पिळत रायले तं पिस्टन चिकटन," म्हणाला. मी म्हणलं चला पाण्यात, दाखवतो. तर म्हणे, "मले पोहता नाई येत." काठावर उभा राहिला. मी एकटा गेलो, फुल मूठ, धरणाच्या मधोमध जाऊन गोल फिरून आलो. वाघ. तो काठावरून टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी मामाजींना घेऊन निघालो आणि घूंऽऽऽ.

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांचं गाव धरणात गेलं, आता पुनर्वसनात राहतात, पण महिन्यातून दोन-तीनदा त्यांना पलीकडच्या काठावर बहिणीकडं जायचं असतं, आणि जाताना वाटेत एका ठिकाणी इंजन हळू करायचं असतं. तिथं पाण्यावर काहीच नाही. ते बोट दाखवून सांगतात, इथं आपली विहीर, तिथं चिचेचं झाड, तिथं पारबताबाईचं घर. दर वेळी चिचेचं झाड थोडं सरकतं पण मी बोलत नाही. माणूस देव आहे, फक्त शंभर किलोच्या वरचा आहे. आणि पुढं बसलं की पाणी उडून धोतर भिजतं म्हणून कायम मागच्या फळीवर बसणार, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. (आमच्याकडं माजी मालगुजारी तलावांना मामा तलाव म्हणतात. आमच्या मामांना अख्खं धरण लागतं, हा माझा घरगुती जोक, बायकोसमोर करत नाही.)

मग मी शास्त्र लावलं. म्हणलं लोडचाच प्रश्न आहे तर लोड देऊन पाहू. वाळूची दोन पोती पुढं टाकली, एक मधे, पुतण्याला समोर बसवलं, मामाजींपेक्षा दुप्पट वजन झालं असेल. इंजन मस्त. पुतण्या म्हणाला, "काका, हे फक्त आबाले घाबरते." आबा म्हणजे मामाजीच, गावात त्यांना सगळे आबा म्हणतात. पोरगं गमतीनं बोललं पण ते गावात पसरलं आणि पानठेल्यावर पायगुणाची चर्चा सुरू झाली, ती माझ्या बायकोच्या कानावर गेली आणि दोन दिवस घरात फक्त वरणभात. म्हणे, माझ्या बाबाच्या पायगुणानंच तुम्हाले पोरगी भेटली. याला काय उत्तर आहे सांगा.

शेवटी धानाच्या रोवण्याच्या आधी एका सकाळी मामाजी स्वतःच म्हणाले, जवाईबुवा, चला एकडाव, बहिणीले लुगडं द्यायचं हाये. पाणी शांत, वारा नाही. विहीर झाली, चिचेचं झाड झालं, मी मूठ पिळली, आणि पुढं काय होणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. घूंऽऽऽ. चोक ओढला, जरासं उचललं, पुन्हा बसलं. आणि त्या क्षणी मला कोकणातला फोन आठवला, गोळा हातात घेऊन बघा.

पेट्रोलच्या पाईपात मधे एक रबरी गोळा असतो, स्टार्ट करायच्या आधी दाबून पेट्रोल वर चढवायला. चालू इंजनात तो गोल फुगीर राहायला पाहिजे. मी हात खाली घातला तर तो पिचलेल्या आंब्यासारखा चपटा, दोन्ही बाजू आत ओढलेल्या, एकमेकीला चिकटलेल्या. म्हणजे पुढून इंजन ओढतंय आणि मागून टाकीकडून काही येत नाही. म्हणजे घोळ टाकी आणि गोळ्याच्या मधे. एका हातात मूठ, दुसऱ्या हातानं पाईप चाचपत मागं मागं गेलो, फळीखालून मी तो नीट दिसावा म्हणून ब्रॅकेटला तारेनं बांधला होता, माझं स्वतःचं सुबक काम, आणि बोटं जाऊन थेट मामाजींच्या खाली अडकली.

"काय चाचपून रायले जवाईबुवा?"

"मामाजी, जरासे उठा."

"अर्ध्या पाण्यात?"

"अर्धेच उठा."

त्यांनी एका हातानं माझा खांदा धरला आणि चार बोटं वर उचलले. गोळा फुस्स करून गोल झाला. इंजन एकदम असं सुटलं की डोंग्याचं नाक वर, मामाजी धप्पकन परत फळीवर, गोळा चपटा, इंजन घूंऽऽऽ. घाबरून ते पुन्हा उठले, इंजन पुन्हा सुटलं, पुन्हा धप्प. असं तीन वेळा झालं. काठावर म्हशी धूत असलेल्या पोरांना वाटलं असेल डोंग्याला उचकी लागली.

फळीला एका बाजूचा टेकू तडकला होता. माणूस बसला की फळी दोन बोटं खाली जायची आणि पाईप ब्रॅकेटवर चिमटला जायचा, पूर्ण नाही, आयडलला पुरेल इतकं पेट्रोल जायचं, फुल पिळल्यावर पुरायचं नाही. दोन-तीन मिनिटं चालायचं ते कार्बोरेटरात आणि पाईपात जे शिल्लक असेल त्यावर. एकटा असलो की मी कडेच्या आडव्या दांड्यावर बसतो, फळीवर नाही. पोती पुढं. मेकॅनिक काठावर. ड्रममधे तर फळीच नाही. एवढ्या दिवसांत त्या फळीवर बसलेला माणूस जगात एकच होता, आणि पाईप सोडवून पाहिला तर त्यावर चिमट्याचा पांढरा वळ उठला होता, अंगठ्याच्या नखाएवढा.

उरलेलं अंतर मामाजी मधे टाकीशेजारी बसून आले, धोतर भिजलं, बोलले नाहीत. पलीकडं पोचल्यावर लुगड्याची पिशवी हातात घेऊन विचारलं, "मंग काय निंगालं?"

आता खरं काय सांगणार. "पाईप दबत होता मामाजी."

"कशानं?"

"फळीनं."

"अन् फळी कशानं?"

मी इंजनाचं झाकण उगाच उघडून परत लावलं.

संध्याकाळी घरी आलो, पाईप फळीखालून काढून कडेनं फिरवून बांधला. बायकोला सगळं सांगितलं तर ती आधी पाच मिनिटं हसली आणि मग म्हणाली, हे बाहेर कुठं बोलले तं पाहा. पानठेल्यावर मी जेटमधे कचरा होता एवढंच सांगितलं. बोरवाला म्हणाला, कचराच असते.

चौथ्या दिवशी मामाजी खांद्यावर सागाची नवीन फळी घेऊन दारात, चांगली दोन इंच जाडीची, सुताराकडून रंधा मारून आणलेली. स्वतः उभं राहून बसवून घेतली, टेकूला तीन खिळे जास्तीचे मारायला लावले, मग तिच्यावर बसले, जरासे उठले, परत जोरात बसले. फळी हलली नाही.

"मी पयल्याच दिवशी म्हनलो होतो तुमाले," ते म्हणाले, "फळी कमजोर हाये."