दीड सूत

गेल्या रविवारी एका गवंड्यानं माझी जीप तीन लाखांना मागितली, वीस मिनिटांत दोन ऐंशीवर आणली आणि माझ्या आईनं ती मनातल्या मनात देऊनही टाकली. मला अजून राग आहे. कुणाचा, ते नीट ठरत नाही.

जीप २००३ची, डिझेल, फोर बाय फोर. चार महिन्यांपूर्वी बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचं बेअरिंग बदललं, तेव्हापासून ती ओरडते. सकाळी सुरू केली की चिक् चिक् चिक्, मग हेडलाइट लावले की आणखी जोरात. तिसऱ्या मजल्यावरचे काका एकदा पायजम्यावर खाली आले आणि वाकून म्हणाले, "पिल्लू अडकलंय का हो आत?" बॉनेट उघडून दाखवलं तरी त्यांचा विश्वास बसला नाही. नंतर दोन दिवस ते गाडीखाली वाटीतून दूध ठेवत होते.

या चार महिन्यांत इंजिनाचे तीन पट्टे, म्हणजे फॅनबेल्ट, झाले. पहिला मेकॅनिक म्हणाला, "बेल्ट गेलाय, चेंज करून टाकू." दुसरा म्हणाला, "हा डुप्लिकेट कुणी टाकला?" आणि त्यानं नवा टाकून तो असा ताणला की टिचकी मारली तर तंबोऱ्यासारखा वाजावा. (इतका ताण दिला की पट्टा गप्प बसतो, पण वॉटर पंपाचं आणि डायनामोचं बेअरिंग खायला लागतो. म्हणजे पुढच्या कामाची आगाऊ सोय.) तिसऱ्यानं पट्टाही बदलला आणि वर त्याला अंगाचा साबण घासला. दोन दिवस गाडी ओरडली नाही, चंदनाचा वास मारत राहिली.

मी स्वतः या विषयात दीडशहाणा आहे. पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही कुशींवर बसायला हवा, तळाला टेकता कामा नये. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तरी झिजलाय किंवा पुली तरी. मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण अर्धा इंच खाली जावा. आतल्या बाजूला भेगा नकोत, कुशी काचेसारख्या गुळगुळीत नकोत, तेलाचा थेंब नको. हे सगळं मी दर रविवारी तपासत होतो आणि दर रविवारी निदान एकच: प्रकृती उत्तम, फक्त ओरडतो.

तर भाचीच्या साखरपुड्याला माणगावला निघालो होतो. मागच्या सीटवर आई, आईच्या मांडीवर पेढ्यांचा डबा. मुळशी ओलांडली आणि चिक् चिक्चं एकदम केकाटणं झालं. समोर ताम्हिणीचा उतार. इथे मी घाबरलो, आणि घाबरण्याचं कारण सांगायलाच हवं. ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम डिझेल इंजिन स्वतः देत नाही, त्याला वेगळा पंप लागतो. माझ्या गाडीत तो डायनामोच्या पाठीवर बसवलेला आहे. पंखा, वॉटर पंप, डायनामो आणि हा व्हॅक्यूम पंप, सगळा संसार एकाच पट्ट्यावर. पट्टा तुटला की बॅटरीचा दिवा लागतो, टेंपरेचरचा काटा चढतो आणि दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगड होतं. लागतो, पण पाय मोडेपर्यंत दाबावा लागतो. घाटात, आई आणि पेढ्यांसकट, मला हा प्रयोग करायचा नव्हता. एसटीच्या थांब्यापाशी गाडी बाजूला घेतली.

थांब्यावर एकच माणूस होता. पांढरी टोपी, खांद्याला पिशवी, पिशवीतून थापीचा दांडा आणि लेव्हलपट्टीचं टोक बाहेर. मी बॉनेट उघडलं तसा तो उठून आला. "काय झालं?" असं माणूस विचारतो. यानं विचारलं, "इकायची का?"

"नाही."

"न्हाय, आवाज करतीय म्हून म्हनलं."

जुनी जीप बाळगणाऱ्याला हा प्रश्न नवा नसतो. सिग्नलला विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, एकदा स्मशानाबाहेर विचारलं होतं. पण हा गडी पाय रोवून उभा राहिला. त्यानं टायरला लाथ मारली. खाली वाकून चासी बघितली. "पासिंग?"

"२०२८पर्यंत."

"धा गोणी शिमिट बसंल?"

"बसेल हो, पण विकायची नाहीये."

"तीन लाख," तो म्हणाला, "पर आवाजाचं धा हजार कमी."

मागची खिडकी खाली झाली. "कुठलं गाव हो मिस्त्री तुमचं?" आईनं विचारलं. इथून प्रकरण माझ्या हातातून गेलं. गाव, वाडी, जमीन, मुलं. वाडीपर्यंत रस्ता नाही, वाळू-सिमेंट डोक्यावर न्यावं लागतं. "म्हशी किती?" दोन. "गाडी उन्हात ठेवाल का?" न्हाय आई, पडवी हाय. आई माझ्याकडे बघून मान हलवत होती. माझ्या बहिणीच्या वेळी तिनं एवढी चौकशी केली नव्हती.

मी तोवर बाटलीच्या झाकणाला भोक पाडून चालत्या पट्ट्यावर पाण्याची चिळकांडी मारली. ("ते उकळलेलं पाणी आहे!" आई.) पाणी पडल्यावर आवाज वाढला तर पट्टा ढिला. क्षणभर थांबून परत आला तर पट्टा वाकडा धावतोय. आवाज थांबला, आणि दोन श्वासांनी परत चिक् चिक्. गाडी बंद करून मी विजयी स्वरात म्हणालो, "अलाइनमेंट!"

मिस्त्रीनं माझ्याकडे पोराकडे बघावं तसं बघितलं आणि पट्ट्याच्या कुशीवरून बोट फिरवलं. बोटाला काळी भुकटी आली, एकाच बाजूची. "एका अंगानं झिजलाय," तो म्हणाला. "धा हजार आनी कमी." मग पिशवीतून दोरी काढली, भिंत रचताना लावतात ती. एक टोक माझ्या हातात दिलं. "खालच्या पुलीवर धरा. हां. हलू नका." दुसरं टोक त्यानं पंख्याच्या पुलीवरून ताणून डायनामोपर्यंत नेलं आणि एक डोळा मिटला. दोन पुल्यांना दोरी चिकटली होती. डायनामोची पुली मात्र दोरीपासून आत, अंग चोरून बसलेली.

"सुतात न्हाय," तो म्हणाला. "दीड सूत आत हाय."

एक इंचाची आठ सुतं. म्हणजे दीड सूत जेमतेम पाच मिलिमीटर. तेवढ्यासाठी तीन पट्टे, तीन मजुऱ्या, एक साबण आणि दूध. "मागं वायसर आसंल त्यो कुनी काढला?"

तेव्हा मला आठवलं. बेअरिंग बदलणाऱ्यानं मला एक जाड वायसर हातात दिला होता. म्हणाला होता, "हा जास्तीचा निघाला, साहेब." आणि मी, दर रविवारी अंगठा दाबणारा मी, तो डॅशबोर्डच्या कप्प्यात गणपतीच्या फोटोशेजारी ठेवून दिला होता. चार महिने तो तिथेच होता. कंपनीनं काय दयाबुद्धीनं एक जादा घातला होता?

राग येतो तो इथे. तीन गॅरेजांत तीन माणसांनी बॉनेट उघडलं, आणि एकानंही पट्टा सारखा का मरतो हे विचारलं नाही. मिक्सर नेला तरी "मोटर बदला", फोन नेला तरी "बोर्ड बदला". बघायला कुणाला वेळ नाही, बदलायला सगळे तयार. बघण्याची मजुरी देतो म्हटलं तर दुसऱ्या मेकॅनिकनं "बघायचे काय पैसे घ्यायचे" म्हणून मोठ्या मनानं हात जोडले आणि पट्टा टाकला. मीही टाकू दिला, हे पण लिहायला हवं.

पान्यांची पिशवी होतीच. अर्ध्या तासात लांब बोल्ट काढून वायसर जागच्या जागी घातला, दोरी पुन्हा लावली, तिन्ही पुल्या दोरीला टेकल्या. ताण अंगठ्यानं बघितला. गाडी सुरू केली. आवाज नाही. हेडलाइट लावले, तरी नाही. आता तरी भाव वाढेल असं मला उगाच वाटलं.

"दोन पंच्याऐंशी?" मीच म्हणालो. विकायची नसताना मी का बोललो, देव जाणे.

"दोन ऐंशी. वायसर हुडकल्याची मजुरी माझी."

"बरोबर आहे," आई म्हणाली.

या खटपटीत त्याची एसटी येऊन गेली होती, त्यामुळे त्याला विळ्यापर्यंत सोडणं भाग होतं. तो पुढच्या सीटवर बसला. वळणावळणावर मान तिरकी करून ऐकत होता आणि मी तिसऱ्या गिअरला उशीर केला की जीभ चुकचुकवत होता. उतरताना त्यानं नंबर घेतला. माझा नाही. आईचा.

काल फोन आला होता. आई बाल्कनीत दहा मिनिटं बोलली आणि आत येऊन म्हणाली, "ब्रेक लावताना डावीकडून ठक्क आवाज येतो म्हणतायत, तो बघून घे. त्यांच्याकडे जायच्या आधी झालेलं बरं."