23 प्रश्नांनी पोरगं वेडं ठरत नाही

वहिनीनं शाळेतून आलेला फॉर्म फाडला. दोन्ही पानांचे तुकडे चुलीजवळच्या काड्यांत टाकले आणि मला विचारलं, "भाऊजी, माह्या पोराले येडं ठरवतेत काय हे?" कारण व्हॉट्सअॅपवर चार गटांतून फिरून आलेला मेसेज: 'सावधान! शाळेत 23 प्रश्न विचारून मुलांवर मानसिक रोगाचा शिक्का मारतात. मुलांना स्वतःचं काय कळतं? अशा प्रश्नांनी पोरं खचतात. रक्त तपासा, तेवढं पुरे. फॉर्म फाडून टाका.'

शिक्क्याचं आधी. हा फॉर्म म्हणजे पेड्सक्यूएल, मुलाचं रोजचं जगणं कसं चाललंय ते विचारणारी, जेम्स वार्नी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची प्रश्नावली. 23 पैकी 8 प्रश्न शरीराचे (पळता येतं का, दुखतं का), 5 मनाचे, 5 सोबत्यांचे, 5 शाळेचे. गेल्या महिन्यात अमुक त्रास किती वेळा झाला, एवढंच विचारतात. 'कधीच नाही'ला 100 गुण, 'जवळजवळ नेहमी'ला 0, मधल्यांना 75, 50, 25, मग सरासरी. त्यातून रोगाचं नाव निघतच नाही.

खरी चीड येते ती 'मुलांना काय कळतं' या वाक्याची. आमचा पुतण्या 10 वर्षांचा, त्याला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एसएस म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. मी तुकडे जुळवून सेलोटेपनं चिकटवले. मुलाचं पान त्याच्यापुढे ठेवलं, पालकांचं वहिनीपुढे, दोघांना वेगवेगळं बसवून. झोपेच्या प्रश्नाला वहिनी म्हणाली, "कधीच नाही, मस्त झोपते." पोरानं 'बरेचदा'वर खूण केली होती. पाय ठणकतात, जाग येते. मग आईला का उठवत नाहीस? "तिले सकाळी रोवणीले जा लागते ना."

वहिनी बराच वेळ ते पान हातात धरून बसली.

पळणं, चालणं हे आईबापाला दिसतं, तिथं दोघांची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात. भीती, झोप, सोबत्यांची चिडवाचिडवी यांत जास्त फरक पडतो. म्हणून तर 5 वर्षांपासूनच्या मुलाला स्वतःला विचारतात, आणि 5 ते 7 च्या पोरांसाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं असतात. त्याहून लहानांचं पालकच सांगतात. तेवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं बरोबर.

'रक्त तपासा, पुरे'? एसएस मुलाचं हिमोग्लोबिन बहुतेकदा कमीच असतं. सारख्याच आकड्याची दोन पोरं घ्या, एक क्रिकेट खेळतं, दुसरं महिन्यातून आठ दिवस शाळा बुडवतं. कोयत्यासारख्या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकल्या की जी कळ उठते, ती हिमोग्लोबिनच्या आकड्यात दिसत नाही. रक्त तपासाच हो, पण पोरालाही विचारा.

खचण्याबद्दल काय बोलू? 'झोप लागते का' विचारल्यानं पोरगं खचत असेल, तर 'जेवलास का' विचारल्यानंही खचेल.

एक मात्र कबूल करतो, नाइलाजानं. भरल्या वर्गात मोठ्यानं वाचून हात वर करायला लावणं चूक आहे. "तुला बाकीची पोरं किती वेळा चिडवतात?" याचं उत्तर चिडवणाऱ्याच्या शेजारी बसून कोण देईल? पालकांना आधी विचारलं पाहिजे आणि कागद बंद पाकिटात गेला पाहिजे. मेसेजवाल्यानं एवढंच लिहिलं असतं, तर मीच पुढे पाठवला असता.

चिकटवलेला फॉर्म सोमवारी शाळेत जाईल. वहिनीनं तिच्या पानावरचं झोपेचं उत्तर खोडलं नाही, मीच खोडू नको म्हटलं. दोन्ही उत्तरं डॉक्टरला दिसू देत.