कोकणात कसला आलाय उष्माघात?

एप्रिल लागला की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच वाद सुरू होतो. चंद्रपुरात पारा 45 ला टेकतो, आपल्या रत्नागिरीत 35. मग आरोग्य केंद्रात उष्माघात कक्ष म्हणून खाट अडवायची कशाला? खारा वारा आहे, कोकम आहे, आणि आजे-पणजे उन्हातच राबले की! कतारमधल्या दोहात बसून हे वाचताना डोकं तापतं.

माणूस गार होतो तो घाम वाळल्यामुळे. नुसता घाम गळून उपयोग नाही. 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असली की ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर 23 च्या आसपास थांबतो. 35 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेत, म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या साध्या दुपारी, तोच 28 पार करतो. घाम वाळायला जागाच कमी. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला 40 चा आणि किनाऱ्याला 37 चा निकष लावतं. खारघर कोकणातच येतं ना? 16 एप्रिल 2023 ला तिथल्या उघड्या मैदानावरच्या सरकारी सोहळ्यात 14 जण दगावले, तेव्हा पारा 40 च्या खालीच होता.

इथे कतारमध्ये 2021 पासून 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद. शिवाय ऊन, वारा, दमटपणा सगळं धरणारा उष्णतेचा निर्देशांक, डब्ल्यूबीजीटी, 32.1 च्या वर गेला की वेळ कुठलीही असो, काम थांबतं. फोरमन कितीही करवादू दे. हे शेखांच्या दयेने आलेलं नाही, 2022 च्या फुटबॉल विश्वचषकाआधी जगाने नाक दाबलं म्हणून तोंड उघडलं. त्याआधी गेलेल्या कितीतरी मजुरांच्या दाखल्यावर 'नैसर्गिक मृत्यू' एवढंच लिहिलेलं आहे. तरी नियम आहे.

आपल्या चिरेखाणीत, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीत, काय आहे? खड्ड्यात वारा उतरत नाही, तापलेला जांभा चारी बाजूंनी भाजतो. आंब्याच्या बागेत तर चमत्कारच. काढलेलं फळ तापल्या जमिनीवर ठेवलं तर साका होईल (गर आतून पांढरा, स्पंजासारखा पडेल) म्हणून ताबडतोब सावलीत. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) धरलेला गडी मात्र दुपारी एकपर्यंत उन्हात. नव्या गड्याला पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम द्यावं आणि रोज तेवढंच वाढवावं, कारण घामाची सवय अंगाला आठवडा-दोन आठवड्यांनी होते. बहुतेक बळी पहिल्या काही दिवसांतलेच असतात. पाणी दर वीस मिनिटांनी पेलाभर. तासाला दीड लिटरच्या वर नको, नाहीतर रक्तातलं मीठ उतरतं. मीठ घातलेली पेज यासाठी उत्तम, हे मात्र आजे-पणजे बरोबर करत होते.

आणि 'घाम येतोय ना, मग ठीक आहे' हे वाक्य आधी बंद करा. राबणाऱ्याला उष्माघात होतो तेव्हा अंग घामाने निथळत असू शकतं. बरळणं, झोकांड्या, झटके, अंग 40 च्या वर: एवढं पुरे. 108 ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत ताडपत्री चौघांनी कडेने उचलून खोलगट करा, त्यात माणूस, वर पाणी आणि बर्फ. मासळीचा बर्फ बंदरावर मिळतोच. डोकं पाण्याबाहेर. बर्फ नसेल तर विहिरीचं पाणी सतत ओतत राहा आणि वारा घाला. अर्ध्या तासात अंग 39 च्या खाली आलं पाहिजे. पॅरासिटामॉल देऊ नका, हा ताप त्याने उतरत नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात कोकम सरबत ओतलं तर ते फुफ्फुसात जाईल.

'तिकडच्या फुशारक्या तिकडेच ठेवा' असं उत्तर येतं, ते अगदीच खोटं नाही. ज्या कायद्याचं कौतुक करतो तो देश इक़ामा (राहण्याचा परवाना) संपला की मला बाहेर काढेल. मतदारयादीत नाव गावचं, पण ग्रामसभेला मी नसतो. म्हणून ग्रुपवर भांडतो. चिरेखाणीचं काम सकाळी सहा ते दहा आणि मग चारनंतर, हा ठराव तिथे बसलेल्यांपैकीच कुणीतरी मांडायला हवा.