सातबारा कुणाच्या नावावर?

पेटंटवरून आपल्याकडे पेटणारा वाद मी इथे, बॉस्टनजवळ बसून, बरीच वर्षं वाचते आहे. त्यात दोनच पक्ष असतात. एक म्हणतो, पेटंट म्हणजे औषध कंपन्यांना लुटीचा परवाना. दुसरा म्हणतो, जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट घेऊ न देणारं पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) काढून टाका, मग बघा संशोधन कसं फुलतं ते. दोघांच्याही डोळ्यांसमोर कंपन्या त्याच. २०१२ मध्ये बायरच्या कर्करोगावरच्या औषधासाठी नॅटकोला मिळालेला सक्तीचा (म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय ते औषध बनवण्याचा) परवाना आणि २०१३ मधला नोव्हार्टिसच्या ग्लिवेकचा निकाल. जुन्याच रेणूचं नवं स्फटिकरूप आणलं आणि त्यानं रोगावर जास्त गुण येतो हे दाखवता आलं नाही, तर पुन्हा पेटंट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. मला दोन्ही निर्णय पटतात. पण बारा-पंधरा माणसं, एक कल्पना आणि दीड वर्ष पुरतील एवढे पैसे, अशी छोटी बायोटेक कंपनी या वादात कधी हजरच नसते. माझी नोकरी कायम अशाच कंपन्यांत झाली, म्हणून तिच्या बाजूने चार शब्द.

गुंतवणूकदारांसमोरची माझी पहिली बैठक. मी उंदरांवरच्या प्रयोगांचे आलेख घेऊन गेले होते, रात्र जागून केलेले. चौथ्या स्लाइडला समोरच्या बाईंनी हात वर केला. "पेटंट कुणाच्या नावावर आहे?" जमीन घेणारा आधी सातबारा मागतो, तसंच. पेटंट विद्यापीठाच्या नावावर होतं. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येते, ही १९८० च्या बे-डोल कायद्याची देणगी. आमच्याकडे फक्त परवाना. मग तासभर त्या परवान्याचाच कीस. एकट्या आम्हालाच दिलाय का? कोणत्या आजारापुरता? ठरलेला टप्पा चुकला तर विद्यापीठ काढून घेणार का? उंदीर राहिले बाजूला.

मला राग आला होता. आता येत नाही. छोट्या कंपनीकडे आठ-दहा वर्षं विकायला काहीच नसतं. तारण ठेवायला असतो तो हा कागद. जेनेंटेक या सुरुवातीच्या बायोटेक कंपनीचे शेअर ऑक्टोबर १९८० मध्ये बाजारात आले तेव्हा कंपनीचं एकही औषध विक्रीला नव्हतं. तिचं इन्शुलिन मंजूर झालं १९८२ मध्ये. तरी ३५ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी ८० च्या वर गेला. त्याआधी चारच महिने, कोलकात्यात शिकलेल्या आनंद चक्रवर्तींच्या तेल पचवणाऱ्या जिवाणूला पेटंट मिळू शकतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं होतं. सजीवाचाही सातबारा निघतो म्हटल्यावर पैसेवाल्यांना धीर आला.

इथवर ऐकून ३(ड) विरोधक खूश होतील. त्यांनी जरा थांबावं. हा उद्योग ज्या शोधावर उभा राहिला, तो जनुकं जोडण्याचा कोहेन-बॉयर शोध, स्टॅनफर्डने कुणा एका कंपनीला विकला नाही. वर्षाला १०,००० डॉलर आणि विक्रीवर थोडी रॉयल्टी, एवढ्यावर मागेल त्याला परवाना. ४६८ कंपन्यांनी तो घेतला, विद्यापीठांना सुमारे २५ कोटी डॉलर मिळाले आणि छोट्यांची वाट अडली नाही. पेटंट होतं, पण वहिवाट मोकळी होती. ती बंद करून कुणी कुंपण घातलं असतं तर आज मी काय करत असते, कुणास ठाऊक.

कुंपणं कशी असतात ते आमच्या ऑफिसात एका एक्सेलमध्ये दिसतं. प्रत्येक ओळीत दुसऱ्या कुणाचं तरी पेटंट: पेशींचा वाण, विकर, जनुक पेशीत पोचवणारा विषाणू, शुद्धीकरणाची रीत. हिरवी ओळ म्हणजे चिंता नाही, पिवळी म्हणजे वकील, लाल म्हणजे रस्ता बदला. एकदा उत्तम चालणारी रीत आम्ही एका लाल ओळीपायी सोडली आणि तिच्याहून डावी रीत बसवण्यात सात महिने घालवले. कुणी दावा ठोकला नव्हता. ठोकला असता तर परवडला नसता, एवढंच. ह्युमिरा या संधिवातावरच्या औषधाचं मूळ पेटंट अमेरिकेत २०१६ मध्ये संपलं, पण पुढच्या शंभरावर पेटंटांच्या जाळीमुळे तिची स्वस्त प्रतिरूपं इथे यायला २०२३ उजाडलं. युरोपात ती २०१८ मध्येच आली होती. अशी जाळी फाडायला लागणारे वकील छोट्या कंपनीने कुठून आणायचे? ३(ड) काढायला सांगणाऱ्यांनी हे एक्सेल एकदा भरून बघावं.

आपल्या कायद्यात छोट्यांच्या कामाचं एक कलम आहे, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. कलम ४७(३) नुसार केवळ प्रयोग किंवा संशोधनासाठी पेटंट असलेली वस्तू वा प्रक्रिया कुणालाही वापरता येते. अमेरिकेत ही मोकळीक जवळजवळ नाही. २००२ च्या मेडी विरुद्ध ड्यूक खटल्यात तर, संशोधन हाच विद्यापीठाचा व्यवसाय आहे, असं म्हणून अपील न्यायालयानं विद्यापीठालाही तिचा आधार सहजी मिळू दिला नाही. औषध मंजुरीसाठी लागणाऱ्या चाचण्यांना सूट आहे. त्याच्या अलीकडच्या कामाला वकिलाला विचारा.

अमेरिकेकडून एक गोष्ट मात्र जरूर घ्यावी: शोध जाहीर केल्यावर अर्ज करायला मिळणारी वर्षाची सवलत. आमच्या एका सहकाऱ्याचा सारांश परिषदेच्या संकेतस्थळावर झळकला आणि आमचा अर्ज गेला त्यानंतर आठ दिवसांनी. अमेरिकेत निभावलं, युरोप हातचा गेला. कोहेन आणि बॉयर यांचंही तेच झालं होतं: लेख नोव्हेंबर १९७३ चा, अर्ज वर्ष भरायला आठवडा उरला असताना, आणि परदेशातले हक्क गेले ते गेलेच. भारतात ही सवलत ठरावीक प्रदर्शनं आणि विद्वत्सभांपुरतीच आहे. पेपर छापल्याशिवाय बढती नाही आणि छापला की पेटंट नाही, या कात्रीत आपल्याकडचे प्राध्यापक अडकतात, आणि त्यांच्या शोधावर उभी राहू शकली असती अशी कंपनी निघतच नाही.

परवा भारतात छोटी कंपनी चालवणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. एका पेटंट असलेल्या विकरावर तिला प्रयोग करायचे होते. "४७(३) मध्ये बसेल ना गं?" मी म्हटलं, वकिलाला विचार, पण बहुधा बसेल, मला तर इथे हा प्रश्न विचारायचीही सोय नाही. ती हसली. मग म्हणाली, "प्रयोगापुरतं ठीक आहे गं. विकायला काढेन त्या दिवशी काय?"