कॅमेऱ्याचं सोडा राजेहो, उजेड किती वेळ असते ते पाहा

सोयाबीनच्या भावाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला, की लेजरनं रेणूंची हालचाल पाहिली हे सारं खोटं, एवढा फास्ट कॅमेरा जगात नाही, लेजर पडला की रेणू जळून जाते, व्हिडिओ कॉम्प्युटरवर बनवला अन् शेतकऱ्याले याचा काय उपयोग. कॉलेजातली पोरंही फॉरवर्ड करून राहिली म्हणून लिहितो.

साधा कॅमेरा तेवढा फास्ट नसते हे खरं, पण तो लागतच नाही ना भाऊ. पावसाळ्यात रात्री वीज चमकली की पडणारे थेंब हवेत थांबल्यासारखे दिसतात, तेव्हा आपला डोळा फास्ट झाला नसते, उजेडच क्षणभर असते. इथं लेजरचा उजेड काही फेमटोसेकंदांचा, उजेडाच्या अशा एका झटक्याले पल्स म्हणतात, अन् एका सेकंदात असे फेमटोसेकंद एकावर पंधरा शून्य एवढे. पहिला पल्स रेणूला धक्का देते, दुसरा जरा उशिरा येऊन रेणू कुठवर पोचला ते सांगते. आता हा उशीर मोजणारं घड्याळ कुठून आणायचं, तर दुसऱ्या पल्सच्या वाटेतला आरसा ०.१५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मागं सरकवतात, उजेडाला जाऊन-येऊन ०.३ मायक्रॉन जास्त जावं लागते, झाला एक फेमटोसेकंद उशीर! मला तर या साऱ्यात हेच सगळ्यात भारी वाटते. मग आरसा सरकवत सरकवत तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करायचा, डिटेक्टर, म्हणजे उजेड मोजणारं यंत्र, हळू असलं तरी चालते.

जळण्याचं म्हणाल तर पल्सची ताकद कमी-जास्त करता येते. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात अहमद झेवैल या शास्त्रज्ञाच्या टीमनं १९८७ च्या सुमारास आयोडीन सायनाइडचा रेणू मुद्दामच तोडला, कारण तुटतानाच पाहायचा होता, साधारण २०० फेमटोसेकंदांत बंध तुटला. सोडियम आयोडाइडमध्ये तर दोन अणू लांब जातात, परत जवळ येतात, सव्वा पिकोसेकंदाला, म्हणजे साडेबाराशे फेमटोसेकंदांना एक फेरी, अन् सिग्नलही तसाच वर-खाली होते. जळालेला रेणू असा परत येईल का, सांगा बरं. १९९९ चं केमिस्ट्रीचं नोबेल झेवैल यांना याच कामासाठी भेटलं.

व्हिडिओ अॅनिमेशन असते हे खरं आहे. लॅबमध्ये हाती येते तो ग्राफ, त्यावरून गणित करून चित्र काढतात, पण मोजलेलं खरंच असते.

अन् उपयोग? झाडाच्या हिरव्या पानात उजेडाची ऊर्जा एका हरितद्रव्याच्या रेणूवरून दुसऱ्यावर कशी जाते ते याच पल्सनं मोजतात, आणि चष्म्याचा नंबर घालवायच्या बऱ्याच ऑपरेशनांत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा (कॉर्नियाचा) पातळ पापुद्रा कापते तोही फेमटोसेकंद लेजरच.